विश्लेषण : प्रशिक्षण केंद्रातला पोलीस ठाण्यात आल्यावर का बदलतो?

जालना शहरात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ देखील जालन्यातच आहे. म्हणजे पोलिसाला घडवणाऱ्या राज्यातल्या दोन महत्त्वाच्या व्यवस्था या एकाच जिल्ह्यात आहेत. तरीही घनसावंगी तालुक्यातला शेतकरी मोटार चोरीला गेल्यावर ठाण्यात जातो, तेव्हा त्याच्या हाती गुन्ह्याची प्रत येईल की ‘अर्ज द्या, बघतो’ एवढेच उत्तर, हे आजही नक्की सांगता येत नाही. पुस्तकात एक आणि ठाण्यात दुसरे, ही दरी कुठे तयार होते आणि ती कोण बुजवणार?

अंतरवाली सराटीत काय दिसले?

घनसावंगीला लागून असलेल्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केले. १ सप्टेंबरला सायंकाळी तेथे लाठीमार झाला, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडण्यात आल्या. आंदोलक जखमी झाले, त्यात महिला होत्या, वयस्क माणसे होती. दगडफेकीत पोलीसही जखमी झाले. आधी दगड आले की आधी लाठी चालली, यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे राहिले. पुढच्या चार दिवसांत जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले आणि तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लाठीमाराबद्दल जाहीर क्षमा मागितली.

दोष कोणाचा, हा या लेखाचा विषय नाही. प्रशिक्षणाच्या अंगाने मात्र ही घटना पाहण्याजोगी आहे. जमाव पांगवण्याची पद्धत प्रत्येक शिपायाला शिकवलेली असते. बेकायदा जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा, तो सर्वांना ऐकू जाईल असा द्यायचा, वेळ द्यायचा, मग गरजेपुरतेच बळ वापरायचे. लाठी कमरेखाली, डोक्यावर कधीच नाही. त्या वेळी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होते, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. ठाण्यांतून आणि मुख्यालयांतून सणासुदीच्या आधी ‘दंगा काबू योजने’ची रंगीत तालीम होते. त्या तालमीत जमावाची भूमिका पोलीसच करतात. ते ठरलेल्या वेळी येतात, ठरलेल्या घोषणा देतात आणि शिट्टी वाजली की पांगतात.

खऱ्या जमावात म्हाताऱ्या बाया असतात, मुले असतात, गावातले ओळखीचे चेहरे असतात. जमाव चार दिवस तिथेच बसलेला असतो. उपोषण करणाऱ्याची प्रकृती ढासळत असते, वरून सूचनांचे फोन येत असतात आणि बंदोबस्तावरचा शिपाई सकाळपासून उभा असतो. असा जमाव कसा हाताळायचा, याची तालीम कुठे होते?

प्रशिक्षणात नेमके काय शिकवतात?

शिपायाचे मूलभूत प्रशिक्षण साधारण सहा ते नऊ महिन्यांचे. भरती जिल्ह्याची, पण उमेदवाराला कोणत्या केंद्रात पाठवायचे ते राज्य ठरवते. त्यामुळे जालन्याचा पोरगा जालन्यातच शिकेल असे नाही; तो नानवीजला, तुरचीला, खंडाळ्याला किंवा अकोल्यालाही जाऊ शकतो. उपनिरीक्षक घडतात ते नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. केंद्रातील दिवस पहाटे कवायतीने सुरू होतो. मैदानावर परेड, शस्त्र, लाठी. वर्गात कायदे, तपास, मानवी हक्क, संगणक. शेवटी दीक्षांत संचलन, आई-वडील टाळ्या वाजवायला येतात, आणि मुलगा किंवा मुलगी ठाण्यात हजर होते.

वर्गात जे शिकवले जाते ते वाईट नसते, हे आधी मान्य केले पाहिजे. डी. के. बसू खटल्यातील १८ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेथे शिकवला जातो. अटक करताना नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, अटकेचा मेमो तयार झाला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सांगणारा ललिताकुमारी खटल्याचा २०१३ चा निकालही शिकवला जातो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक नको, हे सांगणारा अर्नेश कुमार निकाल २०१४ चा. परीक्षेत या निकालांवर प्रश्न येतात आणि मुले त्यांची उत्तरेही बरोबर लिहितात. अलीकडे भरती होणाऱ्यांत पदवीधर बरेच असतात, अभियंतेही असतात. त्यांना कायदा कळत नाही असे म्हणणे चूक ठरेल.

मग ठाण्यात गेल्यावर काय होते?

नवा शिपाई ठाण्यात आल्यावर त्याचे खरे गुरू बदलतात. ठाणे अंमलदार, बीट अंमलदार, मुद्देमाल कारकून आणि वीस-पंचवीस वर्षे काढलेला हवालदार हे त्याचे नवे शिक्षक. त्यांच्याकडे अनुभव असतो, माणसे ओळखण्याची नजर असते, गावोगावचे पोलीस पाटील फोनवर असतात. चांगला हवालदार भेटला तर पोरगा वर्षभरात असे काही शिकतो जे कोणत्याही केंद्रात मिळणार नाही: मयताच्या घरी जाऊन पंचनामा कसा करायचा, बाईला एकटीला कसे बोलते करायचे, भावकीच्या बांधाच्या भांडणात कोण खोटे बोलतोय. पण त्याच गुरूकडून आणखीही एक गोष्ट कानावर पडते. ट्रेनिंगमधले ट्रेनिंगमध्येच ठेवायचे, इथे वेगळे असते.

हे काही मराठवाड्याचेच दुखणे नाही. अमेरिकेत जॉन व्हॅन मानेन या अभ्यासकाने १९७० च्या दशकात स्वतः पोलीस अकादमीचे प्रशिक्षण घेऊन, नंतर गस्तीच्या गाडीत बसून पोलिसांचा अभ्यास केला. नवा पोलीस उत्साहाने येतो आणि काही महिन्यांत ‘फार पुढे पुढे करायचे नाही, अडचणीत यायचे नाही’ हे शिकतो, असे त्यांना दिसले. आपल्याकडच्या कोणत्याही ठाण्यातल्या हवालदाराला हे वाचून दाखवले तर तो हसेल.

इथे एक गोष्ट थोडी खोलात जाऊन पाहायला हवी, कारण सामान्य माणसाचा पोलिसांशी संबंध बहुतेक वेळा तिथेच येतो. ती म्हणजे ‘अर्ज’.

शेतातली मोटार गेली, केबल गेली, शेळी गेली, उसन्या पैशावरून मारहाण झाली. तक्रारदार ठाण्यात येतो. कायदा सांगतो, दखलपात्र गुन्हा असेल तर प्रथम माहिती अहवाल नोंदवा आणि त्याची प्रत तक्रारदाराला मोफत द्या. ठाण्यात मात्र कोरा कागद पुढे सरकवला जातो. अर्ज लिहा. अर्ज चौकशीवर ठेवला जातो. बीट अंमलदार गावात जाईल तेव्हा बघेल. या अर्जाला गुन्ह्याचा क्रमांक नसतो, त्यामुळे तपासाची मुदत नसते, न्यायालयात उत्तर द्यावे लागत नाही. पंधरा दिवसांनी माणूस स्वतःच येणे सोडतो.

शिपायाला कलम माहीत नाही म्हणून असे होत नाही. दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी गुन्हे आढावा बैठक होते. गेल्या वर्षी याच महिन्यात चोऱ्या किती, यंदा किती, उघडकीस किती, असा तक्ता समोर असतो. आकडा वाढला की ठाणेप्रमुखाला उभे केले जाते. प्रामाणिकपणे प्रत्येक मोटारचोरी नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या ठाण्यात गुन्हेगारी ‘वाढलेली’ दिसते आणि अर्जावर भागवणाऱ्याचा हद्दीतला कारभार ‘नियंत्रणात’ दिसतो. असा तक्ता समोर असताना ललिताकुमारी निकालावर कितीही तास व्याख्यान दिले तरी त्याचा उपयोग मर्यादितच राहणार. ही गोष्ट वरिष्ठांना ठाऊक नाही असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुकलींच्या प्रकरणात पालकांना ठाण्यात अनेक तास ताटकळावे लागले, तेव्हा हीच सवय साऱ्या राज्याने पाहिली. तेथे पोलीस निलंबित झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आढाव्याच्या बैठकीतला तक्ता मात्र आहे तसाच आहे.

जांब समर्थचा तपास काय सांगतो?

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील राम मंदिरातून समर्थांच्या काळापासून पूजेत असल्याची श्रद्धा असलेल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. गावकऱ्यांनी आंदोलन केले, विषय विधानसभेतही मांडला गेला. स्थानिक गुन्हे शाखेची पथके कामाला लागली, तपास परराज्यापर्यंत गेला आणि सुमारे दोन महिन्यांनी मूर्ती परत मिळाल्या. जालना पोलिसांचे तेव्हा कौतुक झाले आणि ते रास्तच होते.

या तपासातून एक गोष्ट स्पष्ट होते. पोलिसांना पद्धतशीर काम करता येते. माणसे मोकळी केली, गाड्या दिल्या, तांत्रिक विश्लेषणाची मदत मिळाली, अधिकाऱ्याला रोज दुसऱ्या बंदोबस्ताला पाठवले नाही, तर प्रशिक्षणात शिकवलेला तपास प्रत्यक्षात उतरतो. तो उतरायला विधानसभेत प्रश्न यावा लागतो, इथे खरी अडचण आहे. तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, राणी उंचेगाव परिसरातल्या शेतकऱ्याच्या मोटारीवर विधानसभेत कोणी बोलत नाही.

नव्या कायद्याने या दोन चोऱ्यांमधील अंतर आणखी ठळक केले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये प्रार्थनास्थळातील मूर्तीच्या चोरीचा आता वेगळा उल्लेख आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. शेतातील साध्या चोरीला कलम ३०३ लागू होते. त्यात चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, तर पहिल्या वेळच्या चोरीसाठी गुन्हा अदखलपात्र ठरू शकतो. दहा वर्षे वापरलेल्या मोटारीची, स्टार्टरची किंवा तीनशे फूट केबलची किंमत ठाण्यात कोण आणि किती लावणार? चार हजार नऊशे लिहिले की तपासाची जबाबदारीच उरत नाही. खरेदीची पावती सापडत असेल तर ती घेऊनच ठाण्यात जावे, हा व्यवहारी सल्ला इथेच देऊन ठेवतो.

कामाचे तास किती?

कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी २०१९ मध्ये देशभरातील पोलिसांशी बोलून केलेल्या पाहणीत पोलीस सरासरी १४ तास काम करतात असे आढळले. निम्म्या पोलिसांना साप्ताहिक सुटीही मिळत नव्हती. घनसावंगीसारख्या ग्रामीण ठाण्याच्या हद्दीत हे तास कशात जातात? गोदावरीकाठच्या वाळूची रात्रगस्त, ऊस हंगामातील वाहतूक, यात्रा, आठवडी बाजार, मंत्र्यांचे दौरे, मोर्चे, समन्स-वॉरंट बजावणी, आरोपीला न्यायालयात नेणे, व्हिसेरा आणि नमुने छत्रपती संभाजीनगरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पोचवणे. ११२ वर फोन आला की गाडी निघते. आत्महत्येचा पंचनामा असेल तर अर्धा दिवस जातो. या सगळ्यातून वेळ उरला तर तपास.

यावर तोडगा निघूच शकत नाही असे नाही. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची मूळ कल्पना एका शिपायाने मांडली होती आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पुढे इतर ठाण्यांतही ती नेण्यात आली, पण मनुष्यबळाअभावी सगळीकडे टिकवता आली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये राज्यातील महिला पोलिसांची पाळी १२ तासांवरून आठ तासांवर आणण्याचा आदेश निघाला. ग्रामीण ठाण्यात दोन-तीनच महिला अंमलदार असतील आणि रात्री एखादी पीडिता आली, तर तो आदेश कसा पाळायचा, हे ठाणेप्रमुखालाच ठाऊक.

नव्या कायद्यांनी दरी कमी झाली की वाढली?

१ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे लागू झाले. त्याआधी आणि नंतरही पोलिसांना त्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. कागदावर हे कायदे बऱ्याच बाबतीत नागरिकाच्या बाजूचे आहेत. हद्द कोणतीही असो, गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर परजिल्ह्यात गेलेल्या कुटुंबावर तिथे अन्याय झाला आणि ते गावी परतले, तर घनसावंगीच्या ठाण्यातही तक्रार देता येते. ऑनलाइन तक्रार पाठवून तीन दिवसांत सही करता येते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे बंधनकारक आहे. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची सवलत आहे.

प्रत्यक्षात झडतीच्या वेळी चित्रीकरण करण्यासाठी स्वतःचा मोबाइल वापरण्याची पाळी अनेक अंमलदारांवर येते. गावात नेटवर्क नसते, चित्रफीत वर चढत नाही. मोबाइलमध्ये जागा उरत नाही, ही तक्रार हास्यास्पद वाटेल, पण पुरावा न्यायालयात टिकायचा असेल तर ती फार गंभीर आहे. प्रशिक्षणात दाखवलेली प्रक्रिया मोठ्या पडद्यावर पाच मिनिटांत पूर्ण होते. शिवारात तिला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांत पंच कंटाळून निघून जातो.

एक तरतूद मात्र काळजी वाढवणारी आहे. तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करून मग गुन्हा नोंदवायचा की नाही ते ठरवता येते. हेतू चांगला असेल. पण ज्या ठाण्यात आधीच अर्जावर भागवण्याची सवय आहे, तिथे या तरतुदीने त्या सवयीला कायद्याचा आडोसा मिळण्याची भीती आहे. फरक एवढाच की आता लेखी परवानगी लागते आणि १४ दिवसांची मुदत आहे. तक्रारदाराने दोन्हींची विचारणा करावी.

मारहाणीचे काय?

परभणी जालन्याला लागून. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी हिंसाचार झाला, धरपकड झाली. त्यात अटक झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. उत्तरीय तपासणीत अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नमूद झाले. त्यांच्या आईने न्यायालयात दाद मागितली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. डी. के. बसू निकालाला तेव्हा २८ वर्षे उलटून गेली होती. दर ४८ तासांनी तपासणी, नातेवाइकांना कळवणे, मेमोवर सही, हे सारे पिढ्यान् पिढ्या पोलिसांना शिकवून झालेले होते.

मारहाणीबद्दल पोलिसांना काय वाटते, हे वर उल्लेखलेल्या २०१९ च्या पाहणीत विचारले गेले होते. किरकोळ गुन्ह्यांत खटला चालवण्यापेक्षा पोलिसांनीच छोटी शिक्षा द्यावी, असे ३७ टक्के पोलिसांचे मत होते. गुन्हेगारांशी हिंसक वागणे योग्य असल्याचे चारपैकी तिघांना कमी-अधिक प्रमाणात पटत होते. म्हणजे नियम माहीत असूनही तो मनातून मान्य नाही. इथे वाचकांनाही एक प्रश्न विचारावासा वाटतो. गावात चोर सापडला की ‘दोन ठेवून द्या, मग कोर्टाचे बघू’ असे ठाण्यात जाऊन सांगणारे कोण असतात? मारणारा अधिकारी ‘सिंघम’ म्हणून मिरवला जातो आणि नोटीस देऊन सोडणारा ‘मॅनेज झालेला’ ठरतो. प्रशिक्षण केंद्राने नऊ महिन्यांत शिकवलेले इतक्या टाळ्यांपुढे कसे टिकणार? अर्थात टाळ्या मिळाल्या म्हणून कोठडीतल्या मृत्यूची जबाबदारी कमी होत नाही. गणवेश राज्याने दिलेला आहे, गावाने नव्हे.

कोठडीवर नजर ठेवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचे आणि चित्रण जपून ठेवण्याचे आदेश दिले. तक्रार झाली की नेमका तेव्हाच कॅमेरा बंद असल्याचे उत्तर मिळते, हा अनुभव देशभरचा आहे.

पुन्हा शिकवले जाते का?

नोकरी तीस-पस्तीस वर्षांची आणि मूलभूत शिक्षण काही महिन्यांचे. मधल्या काळात कायदे बदलतात, गुन्हे बदलतात. चोरीचा मोबाइल आणि ऑनलाइन फसवणूक यांचा तपास १९९५ मध्ये भरती झालेल्या हवालदाराने कधी शिकायचा? २०१९ च्या पाहणी अहवालानुसार आधीच्या पाच वर्षांत देशातील जेमतेम सहा टक्के पोलिसांना सेवांतर्गत प्रशिक्षण मिळाले होते. अधिकाऱ्यांना ते अधिक मिळते, शिपायाला सर्वांत कमी. आणि ठाण्यात नागरिकासमोर पहिल्यांदा बसतो तो शिपाई किंवा हवालदार.

हे निदान नवे नाही. केंद्र सरकारने १९७१ मध्ये पोलीस प्रशिक्षणावर एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष प्रा. माधव सदाशिव गोरे हे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक होते. कवायतीचा भार कमी करून माणूस, समाज आणि पोलिसाची वृत्ती यांच्या शिक्षणाला जागा द्या, असा या समितीच्या १९७३ च्या अहवालाचा रोख होता. प्रशिक्षण संस्थेतील नेमणूक ही शिक्षा समजली जाते, याकडेही तिने लक्ष वेधले. पुढे राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक असल्याचे म्हटले. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करण्यास सांगितले.

केंद्रात शिकवायला कोण जातो, हा प्रश्न आजही तिथेच आहे. ज्याला चांगला तपास करता येतो त्याला ठाणे हवे असते, गुन्हे शाखा हवी असते. प्रशिक्षण केंद्रात मान कमी, अधिकार कमी. स्वतःहून येणारे आणि जीव ओतून शिकवणारे प्रशिक्षक आहेत, पण व्यवस्था त्यांच्या बाजूने नाही.

काय करता येईल?

अमेरिकेतील सॅन होजे शहराने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक पद्धत आणली. अकादमीतून आलेला नवा पोलीस कोणत्याही जुन्या पोलिसाच्या हाताखाली द्यायचा नाही. त्यासाठी निवडलेले, स्वतः प्रशिक्षण घेतलेले ‘क्षेत्रीय प्रशिक्षक’ ठेवायचे. ते रोज लेखी मूल्यमापन करतात, आणि ते पुरेसे नसेल तर नवा पोलीस कायम होत नाही. नंतर ही पद्धत तिकडे शेकडो पोलीस दलांनी स्वीकारली. आपल्याकडे उपनिरीक्षकाला परिविक्षाकाळ असतो, त्यात ठाण्यातील कामाचे टप्पे ठरलेले असतात. शिपायाला मात्र पहिल्याच आठवड्यात बंदोबस्तावर पाठवले जाते.

घनसावंगीसारख्या ठाण्यात यासाठी मोठा खर्च लागणार नाही. दोन चांगले हवालदार निवडा, त्यांना प्रशिक्षकाचा दर्जा आणि थोडा भत्ता द्या, पहिले सहा महिने नवे शिपाई त्यांच्याकडेच ठेवा. जिल्ह्याचेच प्रशिक्षण केंद्र जवळ आहे. वर्षातून एक आठवडा प्रत्येक अंमलदाराला तिथे नेणे अवघड नाही, बंदोबस्ताच्या यादीतून त्याचे नाव खरोखर काढले तर. आणि मासिक बैठकीच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: किती अर्ज गुन्ह्यात रूपांतरित झाले आणि किती नुसतेच पडून राहिले. हा एक रकाना दहा व्याख्यानांपेक्षा अधिक काम करील, असे आमचे मत आहे.

तक्रार घेतलीच नाही तर?

ठाण्यात गुन्हा नोंदवण्यास नकार मिळाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात, टपालाने, थेट जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासोबत शपथपत्र लागते आणि आधी ठाणे व अधीक्षक यांच्याकडे गेल्याचा पुरावा लागतो. म्हणून टपालाची पोच जपून ठेवावी. अर्ज दिला असेल तर त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मागून घ्यावा. महिला, १५ वर्षांखालील मुले आणि ६० वर्षांवरील व्यक्ती यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते. अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा, किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमणे आणि ती माहिती ठाण्यात ठळकपणे लावणे कलम ३७ नुसार बंधनकारक आहे. पोलिसांच्या गैरवर्तनाबद्दल राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येते.